शुक्रवारची सावड

विमलताई गावंडे मोपेड चालवायला शिकल्या त्या कंपनीच्या पगारी वेळात. त्यावरून आमच्या कारखान्यात जे रामायण झालं ते मीच सांगितलेलं बरं, कारण बाकीचे लोक वाट्टेल ते सांगत सुटलेत. राजकुमार इलेक्ट्रिशियन तर सांगतो की ताईंनी पहिल्याच दिवशी मालकांच्या कारला धडक दिली. साफ खोटं! धडक दिली ती कारखान्याच्या फाटकाला, आणि तीसुद्धा दुसऱ्या शुक्रवारी.

मी शीला राठोड. बाभुळगावच्या बाहेर आमचा शेतीच्या अवजारांचा छोटा कारखाना आहे. डवरे, वखर, तिफणी बनतात. मी ऑफिसात हजेरी बघते, म्हणजे थोडक्यात सगळ्यांच्या शिव्या खाते. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे मला लोकांनी सांगून झालेलं आहे, तुम्ही सांगायची गरज नाही.

विमलताई रंगखात्यात. तयार अवजाराला निळा रंग मारायचा. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काडी, आणि नखांच्या कडांना बसलेला निळा रंग लग्नाकार्यातसुद्धा न निघालेला. घरचं कपाशी-तुरीचं वावर आहे, मुलगा अक्षय पुण्यात नोकरीला. कोणी काही मागितलं तर या बाईच्या तोंडून 'नाही' निघत नाही. माझा त्यावरूनच त्यांच्याशी वाद. मी म्हणायची, "ताई, जरा तरी नाही म्हणत जा!" तर म्हणायच्या, "हाव." म्हणजे मलासुद्धा नाही म्हणत नव्हत्या!

त्यांचे मिस्टर किसनराव. पांढरा शुभ्र सदरा, टोपी, ताठ मान. रोज सकाळी ताईंना मोपेडवरून कारखान्यात सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. ताई इथं कामाला लागल्या तेव्हापासूनचा हा नेम. आपल्या बायकोनं एसटीची वाट बघत फाट्यावर उभं राहायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आमच्यातल्या बायका चिडवायच्या, "ताई, आले तुमचे हिरो." ताई लाजायच्या, या वयात.

आता कंपनीचं. मालक भगवानराव. त्यांची मुलगी खुशी पुण्याला शिकली, तिथंच काही वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी परत येऊन कारखान्यात बसायला लागली. एक दिवस तिनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा वेळ तुमचा. पगार चालू राहील. त्या वेळात कंपनीचं काम करायचं नाही. तुमच्या मनात असेल ते बनवा, शिका, कोणी विचारणार नाही. मोठमोठ्या कंपन्यांत असं करतात म्हणे.

कोणी टाळी वाजवली नाही. बाहेर आल्यावर खेमसिंग वेल्डर माझ्या मागे मागे आला. तो माझ्याच तांड्यावरचा, नात्यानं काका लागतो. हळू आवाजात विचारतो, "शीला, मले काढून राह्यले का वं कामावरून?" सगळ्यांनी तेच धरलं होतं. काम करू नका आणि पगार घ्या असं कोण म्हणतं? पहिल्या शुक्रवारी सगळे भिंतीला टेकून गुडघ्यांवर हात ठेवून बसले, दवाखान्यात इंजेक्शनची वाट बघत बसतात तसे. भगवानराव खिडकीतून बघून पुटपुटले, "पगार देऊन झोपवून राह्यली पोरगी लोकायले."

पुढे भीती मोडली ती खेमसिंगकाकानंच. तांड्यावरच्या सेवालाल महाराजांच्या मंदिराला फाटक नव्हतं, ढोरं आत शिरायची. काकानं ठरवलं, शुक्रवारी भंगारातून फाटक करायचं. पण फाटक म्हणजे काय एका माणसाचं काम? कोणी धरायला पाहिजे, कोणी घासायला, कोणी रंगवायला. काका सरळ विमलताईंकडे गेला. "ताई, तुमचा शुक्रवार मले द्या. मंग माझा शुक्रवार तुमाले."

म्हणजे सावड! एका शेतकऱ्याकडे एकच बैल, दुसऱ्याकडेही एकच. आज दोन्ही बैल तुझ्या वावरात, उद्या माझ्या. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बघता बघता अख्खा कारखाना सावडीत आला. आज सगळे मिळून काकाचं फाटक, पुढे राजकुमारच्या भजनी मंडळाचा माइक आणि पेटारा, मग लेथवरच्या धनसिंगच्या घरचा झोपाळा. आणि या प्रत्येक ठिकाणी रंगाचा डबा घेऊन विमलताई हजर. स्वतःसाठी त्यांनी कोणाचा शुक्रवार कधी मागितला नाही.

खुशीला हे पटेना. मुलगी वाईट नाही हो, पण नियमाची पक्की. मला म्हणाली, "शीलाताई, हा ज्याचा त्याचा वेळ आहे. स्वतःसाठी वापरायचा. उसना द्यायचा नाही." मग विमलताईंना विचारलं, "ताई, तुमचं स्वतःचं काय चाललंय?"

"हेच की. धनसिंगचा झोपाळा."

"तो धनसिंगभाऊंचा. तुमचा कुठला?"

ताई हसल्या आणि झोपाळ्याला ब्रश लावला. खुशी वैतागली. तिनं मला सगळ्यांना सांगायला लावलं, की यापुढे शुक्रवार दुसऱ्याला देता येणार नाही, आणि ज्याचं स्वतःचं काही नसेल त्यानं त्या वेळात नेहमीचं काम करावं. मी सांगितलं. लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा नियम मीच काढला!

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. भाकरी मोडली, पण खाईनात.

"शीला, मले गाडी शिकायची हाये. शुक्रवारी."

मला वाटलं थट्टा करतात. मी म्हटलं, "कायले ताई? तुमच्याकडे ड्रायव्हर आहे की. तोही फुकटातला."

"यायले दिसत नाई वं," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या आसपास किसनरावांनी रस्त्यावरून जाताना एका वावरातल्या बुजगावण्याला रामराम केला. ताईंना हसू आलं, त्यांना वाटलं गंमत करतात. पुढे परत एकदा केला. मग डोळे दाखवायला दोघं यवतमाळला गेले. किसनराव एकटेच आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "काई नाई, चष्म्याचा नंबर वाढला." पण औषध देणाऱ्या पोरानं ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, की काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची तर थेंब चुकवू नका, आणि काकांना गाडी चालवू देऊ नका.

"मग सांगा ना त्यांना तोंडावर!" माझा आवाज चढला.

"हळू बोल. काय सांगू? गाडी सोडा म्हणू? तो माणूस पोरगा दूर गेला तवा खचला नाई, पण मले न्याले येणं बंद झालं त खाटेवर बसन अन् उठणार नाई. मी वळखतो त्यायले. अन् नाई सांगतलं त एखाद दिवशी ट्रकखाली जाऊ दोघंई."

तोवर त्या काय करत होत्या, माहीत आहे? मागे बसून बडबड. "अहो पाहा न, कशी म्हैस येऊन राह्यली समोरून! अगं बाई, गतिरोधक आला का?" आयुष्यभर तोंडातून शब्द न काढणारी बाई रस्ताभर बोलत होती. किसनराव चिडायचे, "लय बोलाले लागली तू!" आणि ब्रेक दाबायचे.

"कोणाले सांगशीन त माझी शपथ हाये," ताई म्हणाल्या. "कंपनीत सगळ्यायले सांग, हौस हाये म्हणा बाईले."

झालं! आता माझ्यासारख्या बाईनं तोंड बंद ठेवायचं. मी खुशीकडे गेले, ताईंना मोपेड शिकायची आहे म्हणाले. कंपनीची पार्सल नेणारी मोपेड शुक्रवारी मोकळीच असते. खुशीनं विचार केला आणि म्हणाली, "छान. शिकणंसुद्धा चालतं. पण त्यांनी स्वतः शिकावं. दुसऱ्यांचा वेळ नाही घ्यायचा."

"गाडी एकट्यानं कशी शिकणार? कोणी धरायला नको?"

"व्हिडिओ असतात ना, शीलाताई."

माझ्या मनात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवार आला. ताई पदर खोचून मोपेडजवळ उभ्या. आजूबाजूला सगळे आपापलं घेऊन बसलेले, नियमाप्रमाणे. ताईंनी मोपेड स्टँडवरून काढायला जोर लावला, निघेना. परत लावला. गाडी निघाली आणि ताईंच्या अंगावर कलली. तिला दोन्ही हातांनी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, ना पुढे ना मागे. कोणाला हाक मारतील तर विमलताई कसल्या!

खेमसिंगकाकानं डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला आणि गेला. गाडी सरळ केली. खुशी ऑफिसातून बाहेर आली. "खेमसिंगभाऊ, तुमच्या फाटकाची कडी राहिलीय ना?"

"कडी होइन. आज माझं हे काम हाये."

"कुठलं?"

"ताईले गाडी शिकवणं."

तेवढ्यात राजकुमार उठला. त्याचंही तेच काम. धनसिंग उठला, मागोमाग रंगखात्यातल्या दोन बायका. खुशीनं प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकाचं उत्तर तेच. बरं, यातल्या एकालाही किसनरावांच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ताईंना हौस आली होती, बस. ताईंनी त्यांच्या वेळेला शुक्रवार दिला होता, आता ताईंची वेळ. मला एकदम भरून आलं, आणि मग त्याचाच राग आला म्हणून मी खुशीवर खेकसले, "आता लिहू काय मी? सगळ्यांचं स्वतःचंच काम आहे, मॅडम!"

खुशी म्हणाली, "लिहा." आणि आत गेली. थोड्या वेळानं बघते तर खिडकीत उभी राहून हसत होती.

शिकवणी म्हणजे जत्रा! काका कॅरिअर धरून मागून पळतोय, राजकुमार बाजूनं ओरडतोय, बायका पुढून सरकताहेत. ताई मात्र तोंड घट्ट मिटून, डोळे चाकावर. दुसऱ्या शुक्रवारी फाटकाला धडक दिली ती अशीच. काका "याडी! याडी!" म्हणत आईच्या नावानं ओरडला, ताईंनी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर पिळला आणि धाड! कोणाला लागलं नाही, पण ताई खाली बसल्या. म्हणाल्या, "माह्याच्यानं होत नाई. राहू द्या."

खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं, पण शपथ होती ना. मी त्यांना हात देऊन उठवलं.

त्या सोमवारी ताई आल्या त्या कोपराला पट्टी बांधून. फाटकापाशी त्यांना सोडताना किसनरावांचा पांढरा सदरा खांद्याला फाटलेला. ते मोठ्यानं हसून म्हणाले, "कुत्रं आडवं आलं लेकाचं!" सगळ्यांनी कुत्र्याला शिव्या दिल्या. ते गेल्यावर मी ताईंना नळावर गाठलं.

"कुत्रं नव्हतं न ताई?"

"गाय होती," ताई म्हणाल्या. "पांढरी गाय, मधोमध उभी. भर उजेडात. मी बोललो नाई वं. मले वाटलं, येवढी मोठी गाय हाये, ते त दिसनच यायले."

नळ चालू होता. पहिल्यांदाच त्या रडल्या, तेही आवाज न करता. मी त्यांना धरून उभी राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शुक्रवार कवा हाये?"

त्या शुक्रवारी बाईचं रूपच वेगळं. गाडीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. मोठ्यानं. "आता खांब आला. आता खेमसिंगभाऊ मांगं हायेत. आता वळण. आता ती कोंबडी पाहा कशी मधात आली!" मागे बसून जे रोज करत होत्या तेच पुढे बसून. लोकांची हसून पुरेवाट झाली, पण बोलायला लागल्यापासून त्यांचे डोळे चाकावरून उठले आणि रस्त्यावर गेले. काकानं कॅरिअर कधी सोडलं ते त्यांना कळलंच नाही. शेडला चक्कर मारून आल्या तेव्हा काका आपल्या जागेवर उभा राहून तंबाखू मळत होता. ताई ओरडल्या, "अवो भाऊ, धरलं कोनं मले?"

पुढचे शुक्रवार कारखान्याबाहेरच्या रस्त्यावर. लायसन काढायला मीच त्यांना यवतमाळला घेऊन गेले. घरी सांगितलं, कंपनीचं काम आहे. खोटं कुठं होतं?

आता उरलं होतं किसनरावांना सांगणं. ताई पुढे पुढे ढकलत होत्या, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या मागे बसून जात होत्या. मला रात्री झोप लागेना. शेवटी मीच म्हटलं, "ताई, या शुक्रवारी. नाहीतर शपथ गेली खड्ड्यात, मी बोलते."

त्या शुक्रवारी कारखाना सुटला तरी कोणी घरी जाईना. ताई आज नवऱ्याला गाडी चालवून दाखवणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. तमाशा बघायला सगळे फाटकाशी. खुशीसुद्धा येऊन उभी राहिली. किसनराव आले. उजेड चांगला होता. गाडी थांबवून त्यांनी समोर बघितलं. समोर, हातभर अंतरावर, जीन्स घातलेली खुशी उभी होती.

"कोण, शीला का?" ते म्हणाले. "आज सगळे बाहेर कायले?"

मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. खुशीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बस, तेवढंच. पोरगी हुशार आहे, तिला समजलं.

ताई पुढे झाल्या. आवाज बारीक, पण निघाला. "अहो, मांगं सरका. मी चालवतो."

किसनराव हसले. "तू?"

"कंपनीनं शिकवलं. पगार देऊन."

हसू गेलं. त्यांनी मान ताठ केली. भोवती माणसं उभी आहेत हे त्यांना कळत होतं. "अन् मी मांगं बसू? गावातून जाताना लोक काय म्हणतीन?"

ताई पदर बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुशी बोलली. नियमाची पक्की खुशी.

"काका, मीच खुशी. भगवानरावांची. त्याचं असं आहे, ताई कंपनीच्या वेळात शिकल्यात, तर आता रोज येताजाता त्यांनीच चालवायची, असा नियम आहे. आणि मागे लायसनवालं जुनं माणूस बसलेलं पाहिजे. तुम्ही नाही बसलात तर त्यांचा शुक्रवार बंद करावा लागेल मला."

असा कुठलाही नियम नव्हता. कारखाना सुरू झाल्यापासून कधी नव्हता. मी लगेच म्हणाले, "हो काका, नियमच हाये!" मागून खेमसिंगकाका, राजकुमार, सगळे, "हाव हाव, नियम हाये." एकालाही कळलं नव्हतं कुठला नियम ते, पण मॅडम म्हणताहेत म्हणजे असेल.

किसनरावांचे हँडलवरचे हात तसेच. मग म्हणाले, "नियम असन त मंग काय करता." आणि उतरले. उतरताना त्यांचा हात सीट चाचपत मागे गेला. ताई पुढे बसल्या. ते मागे बसले, टोपी नीट केली आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "चाल."

त्यांचं गाव आमच्या तांड्याच्या वाटेवरच. मी माझी स्कूटी काढली आणि अंतर ठेवून मागे निघाले, काळजीच होती. ताई हळू पण सरळ चालवत होत्या. पुलापर्यंत आल्या आणि पुलाच्या अलीकडे त्यांनी एकदम गाडी डावीकडे घेतली, पार कडेच्या मुरुमापर्यंत, आणि परत वर आणली. मी तिथं पोचून बघितलं. रस्ता साफ. ढोर नाही, दगड नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गाडी चालवत आल्या, किसनराव मागे बसून. ते मोपेड सावलीला लावायला सांगत होते, ताई लावत होत्या. ते चहाला टपरीवर गेले तशी मी विचारलं, "पुलाजवळ काय झालं होतं काल? भ्यालात का?"

"नाई वं. हे मांगून म्हणाले, अक्षयची माय, पुलाच्या अलीकडं लय मोठा खड्डा हाये, डाव्या अंगानं घे."

"ताई, तो खड्डा तर मागच्या उन्हाळ्यातच बुजवला. अख्खा रस्ता नवा केला न तिथं."

"हाव. हे रोज तिथं डावीकून घेत. मले वाटे, सवय असन." त्यांनी टपरीकडे बघितलं. तिथं किसनराव दोघा-तिघांना मोठ्यानं काहीतरी सांगत होते, बहुतेक बायकोला गाडी कशी चालवावी ते आपणच कसं शिकवलं याबद्दल.

"मग तुम्ही सांगितलं नाही त्यांना, खड्डा नाही म्हणून?"

"कायले सांगू?" ताई म्हणाल्या. "घेतली डावीकून. आज सकाळीई घेतली."